रंगाऱ्याची घोडी

फार फार पूर्वी, जनावरे बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. आता जनावरे बोलत असत म्हणून गोठ्यागोठ्यांतून गप्पांचे फड रंगत होते असे कोणी समजू नये. त्यांच्या बोलण्याला एक नियम होता. मालकाने विचारले तरच जनावर बोले, आणि बोले ते फक्त आपल्या मालकाशी. शेजाऱ्याने कितीही लाडीगोडी लावली तरी ते नुसते कान हलवून त्याच्याकडे बघत राही. त्यामुळे त्या काळीही पुष्कळ जनावरे जन्मभर मुकीच राहिली. लोकांना कामे असतात.

तेव्हा नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहत होता. त्याचे हात कोपरापर्यंत कधी निळे असत, कधी तांबडे. गावातली लुगडी, पागोटी, शेले, सारे त्याच्या रांजणातून जाऊन येत. हातात कसब होते, बायको हुशार होती, खाऊनपिऊन घर सुखी होते. दुःख एकच होते आणि ते नदीत होते.

त्याच्या कापड धुण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला म्हशींची डुंबायची जागा होती. रंगारी लालभडक कुसुंबी शेला पाण्यात सोडायचा, आणि वरून गढूळ पाण्याचा लोट यायचा. रंगावर मातकट झाक चढायची. धुण्याची जागा थोडी वर सरकवून मिळाली असती तर त्याच्या रंगाला तोड राहिली नसती. पण ती सरकवायची कोणी? चावडीने. आणि चावडीवर तोंड उघडायचा मान होता फक्त फेरीतल्या स्वारांना.

ही फेरी म्हणजे त्या गावाची जुनी रीत. सुगी आटोपली की एका सकाळी गावातले घोडेवाले कुसुंबी पागोटी बांधून शिवेवरून निघत. शिवेवरच्या प्रत्येक दगडाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा आणि पुढे जायचे. पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत जो घोड्यावर बसून जाईल, तो वर्षभर चावडीवर बोलणार. जो मध्येच खाली उतरेल, त्याला पुन्हा जन्मात फेरीत घोडा घालता येणार नाही. घोडा नसलेले लोक मागून पायी चालत आणि शेंदूर-नारळाचे काम करत.

त्या स्वारांची पागोटी रंगवायचा आमचा रंगारी. आणि फेरीच्या दिवशी त्याच पागोट्यांमागे धूळ खात चालायचाही तोच. वर्षानुवर्षे असे चालून चालून त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली. आपण घोडा घ्यायचा.

जत्रेत घोड्यांचा सौदागर आला, तेव्हा रंगारी साठवलेले सगळे घेऊन गेला आणि एक तांबूस घोडी घेऊन आला. सौदागराने तिचे दात दाखवले, चाल दाखवली, वंशावळ सांगितली. रोज काय खाते आणि आजारी पडली तर काय करायचे, ते सांगायला तो विसरला. असे सौदागर पुष्कळ असतात, आणि असे विचारायला विसरणारे गिऱ्हाईकही.

घरी आल्यावर बायकोने घोडीकडे पाहिले, मग अंगणाकडे पाहिले. अंगणात रांजण होते, चुली होत्या, दोऱ्यांवर ओली कापडे होती.

"अहो, ही कुठं राहणार? माझ्या चुलीपाशी?"

"राहील की एका कडेला."

"कडेला नीळ भिजतेय. तिच्यात तोंड घातलं तर निळी घोडी फिरवा गावभर. आणि शेपटीचा एक फटका त्या लुगड्याला बसला, तर पाटलीणबाई आपल्या दोघांना हिच्याशेजारी खुंट्याला बांधतील."

एवढ्यात घोडीने शेपूट उडवलेच. म्हणून वाद वाढला नाही. गावाबाहेर माळावर एका म्हातारीची पागा होती. तिथे ती लोकांचे घोडे सांभाळायला ठेवून घेई. रंगारी घोडी घेऊन तिकडे गेला.

म्हातारी पायरीवर बसून घोडे घासायचा खरारा साफ करीत होती. तिने घोडीचा एकेक पाय उचलून पाहिला आणि तोंडाने बोलत सुटली. "वैरण तुझी, दाणा तुझा. नालबंदाला वेळच्या वेळी बोलवायचं, त्याचं त्याला द्यायचं. थंडीला झूल लागेल, खोगिराला तेल लागेल. मी पाणी पाजीन, खरारा करीन, लीद काढीन, राखण करीन. माझ्या मेहनतीचं मला धान्य दे. कबूल?"

"कबूल, मावशी."

"आणि दर सोमवारी तू स्वतः यायचं. हिच्यापाशी बसायचं आणि विचारायचं, बाई, कशी आहेस? मला ती सांगणार नाही. मी मालकीण नाही."

रंगारी हसला. "एवढंच ना? हे तर फुकटात झालं!"

इतर सगळ्या अटींवर त्याने मनात हिशेब केला होता. या एका अटीवर केला नाही.

पागेचा आणखी एक नियम होता. मालकाने आपल्या जनावरासाठी पाठवलेला दाणा त्याच जनावराच्या पोटात गेला पाहिजे, मूठभरही मागे राहता कामा नये. कधीकाळी कोण्या पागेवाल्याने लोकांच्या घोड्यांच्या हरभऱ्यावर आपल्या मुलीचे लग्न लावून दिले होते म्हणे. तेव्हापासून हा नियम इतका कडक झाला की प्रामाणिक माणसांनासुद्धा त्याचा धाक वाटे. म्हातारी तर फारच प्रामाणिक होती.

पहिल्या सोमवारी रंगारी हौसेने गेला. घोडीपाशी बसला आणि म्हणाला, "बाई, कशी आहेस?"

"बरी आहे, धनी. माश्या फार आहेत."

"आणखी?"

"शेजारचं शिंगरू रडतं."

त्यापुढच्या सोमवारीही माश्या होत्या. त्याच्या पुढच्या सोमवारी खोगिराचा पट्टा डाव्या बाजूला टोचत होता, तो रंगाऱ्याने सैल करून घेतला. मग पुन्हा माश्या. रंगाऱ्याची थोडी निराशा झाली. बोलणारी घोडी काही शहाणपणाचे सांगेल, निदान त्याचे कौतुक तरी करील, अशी त्याची कल्पना होती. पण तिला जे वाटे तेच ती सांगे, आणि ज्याचे पोट भरलेले आहे अशा सुखी जिवाला फारसे काही वाटत नसते.

मग लग्नसराई आली. रांजण उसंत घेईनात. एका सोमवारी रंगाऱ्याला जाणे जमले नाही. त्याला मनातून लागले, कारण माणूस वाईट नव्हता. त्याने गाडीवानाबरोबर हरभऱ्याचे पोते पाठवून दिले आणि सांगितले, "मावशीला म्हणावं, आज जमलं नाही. घोडीला पोटभर घाला."

पोते पाठवल्यावर त्याला बरे वाटले. इतके बरे वाटले की पुढच्या सोमवारीही त्याने पोतेच पाठवले.

असे होत होत सोमवार आला की गाडीवान निघायचा. जितके दिवस जाणे चुकले, तितके पोते मोठे झाले. हरभऱ्यावर गूळ आला. गुळामागून झूल आली, रंगाऱ्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली, काठाला पिवळी वेल असलेली. माळावरून जाणारे-येणारे लोक थांबून बघायचे. घोडी चकचकीत झाली होती, अंगाने भरली होती. लोक गावात येऊन सांगायचे, "निगा राखावी तर रंगाऱ्याने!" हे ऐकून रंगाऱ्याला वाटे, आपण गेलो असतो तरी याहून जास्त काय केले असते?

पागेवर मात्र म्हातारीला काही ठीक दिसत नव्हते. घोडीला काम नव्हते, धावणे नव्हते, आणि समोर हरभऱ्याचा ढीग होता. ती पुढचा एक पाय उचलून ठेवायची, मग दुसरा उचलून ठेवायची. सगळा भार मागे टाकून उभी राहायची. म्हातारीने खुरांना हात लावला, तर तिला ते गरम वाटले. तिने विचारले, "काय गं, दुखतंय का?" घोडीने नुसते कान हलवले.

म्हातारीने गाडीवानाबरोबर निरोप दिला. "धन्याला सांग, घोडी पाय बदलत उभी राहते. दाणा पुरे कर, आणि तू ये."

गाडीवानाने निरोप जसाच्या तसा पोचवला. रंगारी तेव्हा कुसुंबी रंग गाळत होता. त्याने अर्धे ऐकले. "दाणा पुरे कर म्हणते? म्हणजे पुरत नसेल," तो म्हणाला. "उभ्याने पाय बदलते, म्हणजे अशक्तपणा आला असेल." आणि त्याने त्या सोमवारी हरभऱ्याबरोबर तुपाचे मडके पाठवले.

म्हातारीने मडक्याकडे पाहिले, कपाळाला हात लावला आणि नियमाप्रमाणे सारे घोडीला घातले.

सुगी आटोपली. फेरीची सकाळ उजाडली. रंगाऱ्याने स्वतःसाठी असे पागोटे रंगवले होते की पाटलाचेही त्यापुढे फिके वाटावे. तो पागेवर आला तेव्हा दूर गावातून ढोल ऐकू येत होते. घोडी झूल-खोगीर घालून उभी होती, अंगावर ऊन चमकत होते. तिला पाहून रंगाऱ्याचे मन भरून आले.

म्हातारी आडवी आली. "आधी विचार."

"मावशी, ढोल सुरू झाले."

"एवढं विचार आणि मग जा. मी तुला हात जोडते."

"आल्यावर सावकाश विचारीन. आज रात्रीपर्यंत इथंच बसतो, मग तर झालं?" असे म्हणून त्याने रिकिबीत पाय घातला.

घोडी चालली. ती पुढचा पाय जपून टाकी, थबके, मग दुसरा टाकी. रंगारी फेरीत जाऊन मिळाला, तेव्हा लोक तिच्याकडे बघतच राहिले. "काय डौल आहे! काय ठेक्यात पाय टाकते!" रंगाऱ्यालाही तो डौलच वाटला. तिच्याबद्दल ज्याला काहीच माहीत नव्हते, त्याला दुसरे काय वाटणार?

पहिल्या दगडाला शेंदूर लागला. मग पुढच्या. मऊ शेतांतून वाट होती, तोवर घोडी कशीबशी चालत राहिली. पाटील आपला घोडा रंगाऱ्याशेजारी घेऊन आला.

"रंगारी, घोडी झकास ठेवलीस. चावडीवर पहिलं काय मागणार?"

इतकी वर्षे रंगारी हे वाक्य मनात घोळवत होता. "पाटील, कापड धुवायची जागा म्हशींच्या वर मिळावी, एवढंच."

"एवढंच? अरे, आधी नाही का बोलायचं!"

"आधी मला घोडा नव्हता, पाटील."

पाटील हसला. "फेरी पुरी कर. जागा तुझी."

रंगाऱ्याला पुढचे काही दिसेना. त्याला फक्त नितळ पाणी दिसत होते, आणि त्यात सोडलेला शेला.

वाट माळावर चढली. तिथे खडी होती. शेवटचा दगड समोरच्या टेकाडावर दिसू लागला, आणि घोडी थांबली. रंगाऱ्याने टाच मारली. ती हलली नाही. मागच्या स्वारांनी वळसा घालून आपले घोडे पुढे काढले. पाटीलही पुढे गेला. रंगाऱ्याने लगाम हिसडला आणि चिडून तिच्या कानाशी ओरडला, "आता काय झालंय तुला?"

कसे का होईना, विचारले होते. घोडी बोलली.

"धनी, माझे खूर आतून जळतायत. पुष्कळ दिवस झाले. हरभरे वाढले तेव्हापासून."

"मग इतके दिवस..." एवढे बोलून रंगारी थांबला. पुढचे वाक्य कोणावर येऊन पडणार होते, ते त्याला कळले.

टेकाडावर शेवटच्या दगडापाशी नारळ फुटला. लोकांचा गलका ऐकू आला. रंगाऱ्याने हळू आवाजात विचारले, "त्या दगडापर्यंत नेशील?"

"तिथवर नेईन, धनी. त्यानंतर कोणालाच कुठं नेता येणार नाही. मग बसेन ती उठायची नाही."

"आणि मी इथंच उतरलो तर?"

"तर जगेन. पण पाठीवर कोणी बसायचं, ते आता होणार नाही."

"मग मी काय करू?"

"हे मला नका विचारू, धनी. हे तुमचं तुम्ही ठरवा."

इथे मी सांगेन की रंगाऱ्याने क्षणाचाही विचार न करता उडी मारली, अशी तुमची अपेक्षा असेल. तसे झाले नाही. तो बसून राहिला. दगड जवळ होता. पाणी नितळ होते. एका घोडीचे आयुष्य असून असून किती, आणि कापड धुण्याचा नवा घाट त्याच्या नातवंडांना पुरला असता, असा विचार त्याने केला. त्याने टाच उचललीही. मग तिच्या पोटाला टाच लागायच्या आधी, तिच्या अंगातली थरथर त्याला मांडीखाली जाणवली. ती सकाळपासून थरथरत असणार. आपण झुलीवर बसलो होतो आणि आपल्याला ती कळली नाही, याची त्याला इतकी लाज वाटली की तो खाली उतरला.

टेकाडावरच्या सगळ्यांनी पाहिले. पाटलाने वरून हाक मारली, "अरे, काय करतोस? दगड हा इथं आहे!"

रंगाऱ्याने वर पाहिले नाही. तो खोगीर काढत होता.

फेरी पुरी करून स्वार गावाकडे निघून गेले. रंगारी घोडीला घेऊन उतरू लागला. ती एक पाऊल टाकी, तो थांबे, विचारी, "चालवेल?" ती म्हणे, "थोडं थांबा." मग तो थांबे. सकाळची वाट उतरायला संध्याकाळ झाली. वाटेत नदी लागली. म्हशींच्या डुंबण्याच्या जागी गार, मऊ चिखल होता. तिथे त्याने घोडीला उभे केले आणि स्वतःही कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. पागोट्याचा रंग घामाने गळून त्याच्या तोंडावर ओघळला होता. म्हशींनी त्या दोघांकडे पाहिले आणि थोडी जागा करून दिली.

म्हातारी शोधत शोधत काठावर आली. रंगारी तिच्यावर उसळला. "मावशी, तुला दिसत होतं ना? मग हरभरे घातलेस कशाला?"

"नाही घातले असते, तर पागेवाली दाणा चोरते असं तूच गावभर केलं असतंस."

रंगारी घोडीच्या पायांवर पाणी टाकू लागला. मग म्हातारीच खाली बसली आणि म्हणाली, "पण माझंही चुकलं, बाबा. मीच तुझ्या दारात येऊन बसायला हवं होतं. निरोप पाठवला आणि आपलं काम झालं असं समजले. तू पोतं पाठवलंस, मी निरोप पाठवला. जवळ कोणीच आलं नाही तिच्या."

घोडी वाचली. दाणा बंद झाला, सुके गवत सुरू झाले. नालबंदाने खूर तासून तासून पुन्हा आकाराला आणले. ती चालू लागली, चरू लागली, पण पाठीवर माणूस सोसणे तिला कायमचे अशक्य झाले. आणि रंगारी रोज पागेवर जाऊ लागला. लग्नसराई असो की नसो, आधी घोडी आणि मग रांजण. कामे मागे पडू लागली. गढूळ पाण्यामुळे रंग मातकट येतच होता. चांगल्या रंगाची लुगडी लोक पलीकडच्या गावातून रंगवून आणू लागले. बायको कुरकुरली, पण वैरणीचा भारा बांधायला तीच हात लावी.

अशी काही वर्षे गेली. एके दिवशी पाटील पागेवर आला. रंगारी गवत पसरत होता.

"रंगारी, तुझ्याबद्दल चावडीवर बोलणं झालं," पाटील म्हणाला. "त्या दिवशी तू उतरलास, ते कशासाठी ते आता सगळ्यांना कळलंय. तुझ्यापुरता नियम सोडायचा ठरलाय. दुसरा घोडा घे आणि यंदा फेरीत ये. घाट अजून तुझी वाट बघतोय."

रंगारी गवत पसरत राहिला. घाट आता, या क्षणीही, त्याला हवा होता.

"दुसऱ्याला काय खाऊ घालू, पाटील? माझ्याकडं एकाचंच आहे."

"ही दे ना सोडून रानात. कशाला पोसतोस? हिच्यावर बसता येत नाही, हिचा तुला काय उपयोग?"

"काही नाही," रंगारी म्हणाला. "पण माझ्याकडं घोडी आहे, पाटील."

पाटील निघून गेला. त्या वर्षीची फेरी रंगाऱ्यावाचून झाली. त्याच्या पुढचीही झाली. म्हशी वरच्या अंगाला डुंबत राहिल्या, रंगाऱ्याचे कापड खालच्या अंगाला मातकट होत राहिले, आणि घोडी आपले आयुष्य पुरे जगून म्हातारी होऊन गेली. ती गेली तेव्हा रंगाऱ्याचेही केस पिकले होते आणि दुसरा घोडा घेण्याचे वय उलटून गेले होते.

तात्पर्य: पाळलेल्या जिवाची दाणा-वैरण दुसऱ्याच्या हाती पाठवता येते, पण त्याची विचारपूस करायला स्वतःलाच जावे लागते.